बारा की सोळा? गटाचा कॅमेरा घेण्याआधी

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



एका गटाचा प्रश्न आलाय. बारा जणींचा गट आहे. शेळ्या आहेत, उन्हाळ्यात पापड-कुरडया-शेवयांचं काम असतं. गटाच्या पैशातून कॅमेरा घ्यायचा ठराव झाला, वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले. तालुक्याच्या दुकानात दोन कॅमेरे बघून ठेवलेत. दोन्ही कॅनन कंपनीचे, दोन्ही २०११ साली बाजारात आलेले. एकाचं नाव पॉवरशॉट ए १२००, दुसऱ्याचं पॉवरशॉट ए ३३०० आयएस. दुसरा महाग आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, हा बारा मेगापिक्सेलचा, तो सोळाचा. थोडे जास्त टाका आणि सोळावाला न्या." आता गटात दोन तट पडलेत. निम्म्या म्हणतात एकदाच घ्यायचा तर चांगला घेऊ, निम्म्या म्हणतात शेळीच्या खुराकाचे पैसे त्यात घालू नका.

भाव मी सांगत नाही, कारण दसऱ्याला एक असतो आणि मार्गशीर्षात दुसरा, आणि दोन दुकानांत कधी सारखा नसतो. पण हिशोब करून बघा. बारा जणी महिन्याला शंभर-शंभर टाकत असतील तर महिन्याचे बाराशे झाले. कॅमेरा, कार्ड, पिशवी धरून किती महिन्यांची बचत जाते ते तुमच्या अध्यक्षबाई बोटांवर सांगतील. एवढे पैसे एका डबीत घालायचे, तर आधी एक बघायला हवं: कॅमेरा आपल्याला कशाला हवाय?

त्या गटाने ते नीट सांगितलंय. पहिलं काम शेळ्यांचं. विमा उतरवताना जनावराच्या कानात बिल्ला मारतात आणि त्या बिल्ल्यासकट फोटो कागदांना लागतो. जनावर दगावलं तर पुन्हा फोटो. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हे विमावाल्यांचं पहिलं वाक्य. फोटोत बिल्ल्यावरचा नंबर वाचता आला नाही तर तो फोटो असून नसल्यासारखा. दुसरं काम शेततळं, बांधबंदिस्ती, रोजगार हमीची कामं: आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं ते दाखवायला. तिसरं, प्रदर्शनात माल मांडायच्या आधी मालाचे फोटो पाठवावे लागतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जायची त्यांची फार इच्छा आहे. आणि चौथं, जे त्यांनी जरा लाजत सांगितलं: गावातली बारशी, डोहाळजेवणं, वाढदिवस. तालुक्याचा स्टुडिओवाला यायचे-जायचे पैसे वेगळे घेतो. आपणच काढले तर गटाला चार पैसे मिळतील.

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की घरात! आहे. पण साध्या मोबाईलचा कॅमेरा जवळची वस्तू स्पष्ट दाखवत नाही. शेळीचा कान जवळून घ्यायला गेलं की सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. अंधारात तर विचारूच नका.

आता दुकानदाराच्या बारा आणि सोळाकडे येऊ.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. फोटो हा ठिपक्यांचाच बनतो, रांगोळीसारखा. ए १२०० मध्ये एक कोटी एकवीस लाख ठिपके, ए ३३०० मध्ये एक कोटी साठ लाख. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण आपण स्टुडिओतून जो पोस्टकार्डाएवढा फोटो धुऊन घेतो, सहा बाय चार इंचाचा, त्याला किती ठिपके लागतात? चांगल्या छपाईत एका इंचात ३०० ठिपके बसतात. सहा इंचांचे १८००, चार इंचांचे १२००, गुणाकार करा: २१ लाख ६० हजार. म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडे वर. भिंतीवर लावायचा बारा बाय आठ इंचाचा मोठा फोटो केला तरी ८६ लाखांत काम होतं. तो बारावाल्यातूनही आरामात निघतो. उरलेले ठिपके दोघांतही नुसतेच साठतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या आत भिंगामागे एक छोटी चकती असते, तिच्यावर उजेड पडून चित्र उमटतं. तिला सेन्सर म्हणतात. या दोन्ही कॅमेऱ्यांत तो एकाच मापाचा आहे, साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. तुमच्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. तेवढ्याच जागेत एकात बारा आणि दुसऱ्यात सोळा बसवलेत. वाफा तेवढाच ठेवून रोपं वाढवली तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगावं. प्रत्येकाच्या वाट्याला ऊन कमी येतं. भर उजेडात हे कळत नाही, पण संध्याकाळच्या, कंदिलाच्या उजेडात फोटो रवाळ दिसायला लागतो, रव्याचे कण पसरल्यासारखा. तेव्हा बारा-सोळाचा वाद गटाने मिटवून टाकावा. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जास्त पैसे कशाचे? खरा फरक तीन ठिकाणी आहे: सेल, बघायची खिडकी आणि हात हलणं.

सेलचं आधी घेते, कारण आपल्याकडे लाईटचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे.

ए १२०० मध्ये दोन साधे सेल लागतात, डबल ए मापाचे, आपण ज्यांना पेन्सिल सेल म्हणतो ते. ए ३३०० मध्ये त्याची स्वतःची चपटी बॅटरी असते, मोबाईलसारखी. ती भिंतीवरच्या चार्जरमध्ये लावायची, सुमारे दोन तासांत भरते, आणि एकदा भरली की दोनशेच्या वर फोटो निघतात. बॅटरी आणि चार्जर पेटीतच मिळतात. ए १२०० च्या पेटीत दोन सेल मिळतात, पण ते एकदा वापरून टाकायचे. पुन्हा पुन्हा भरायचे सेल आणि त्यांचा चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणून दोघांच्या किमतीची तुलना करताना स्वस्त कॅमेऱ्यात चार चार्जिंगचे सेल आणि एक चार्जर यांची किंमत आधी मिळवा, मग फरक काढा. तो दुकानदाराने सांगितल्यापेक्षा कमी भरेल.

आता कुठलं बरं? ज्या गावात दिवसाचे आठ-दहा तास भारनियमन असतं तिथे दोन तासांत भरणारी बॅटरी सोयीची वाटते. लाईट आली की लावली, जायच्या आत भरली. साध्या चार्जरमध्ये सेल भरायला रात्र जाते, आणि रात्रीच लाईट नसेल तर सकाळी अर्धवट भरलेले सेल हातात. हे खरं आहे. पण दुसरी बाजूही बघा. शेततळ्यावर साहेब आलेत, सगळ्या जमल्यात आणि कॅमेऱ्याची बॅटरी बसली. चपट्या बॅटरीचा कॅमेरा त्या क्षणी खिशात ठेवायचा, दुसरा इलाज नाही. पेन्सिल सेलचा असेल तर पोराला सायकलवर पिटाळायचं, किराणा दुकानातून दोन सेल आणायचे. घेताना मात्र अल्कलाईन लिहिलेले मागा. रेडिओत घालायचे स्वस्तातले सेल कॅमेऱ्याला चालत नाहीत. कॅमेरा एकदम जोरात वीज ओढतो, भिंग बाहेर काढताना, फ्लॅश भरताना. ते साधे सेल आठ-दहा फोटोंत मान टाकतात, आणि बाई म्हणते कॅमेरा बिघडला.

आणि चार-पाच वर्षांनंतरचा विचार करा. चपटी बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, भरते लवकर आणि उतरतेही लवकर. मग त्याच नंबरची नवी हवी. तालुक्याला मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर ती अस्सल असेल याची खात्री कोण देणार? नकली बॅटऱ्या फुगतात, कॅमेऱ्यात अडकून बसतात. पेन्सिल सेल कुठल्याही बाजारात मिळतो.

चार्जिंगचे सेल घेतलेत तर चार घ्या, म्हणजे दोन कॅमेऱ्यात आणि दोन भरायला. जोड्या फोडू नका. एका जोडीला नेलपॉलिशचा एक ठिपका, दुसरीला दोन. नवा सेल जुन्याबरोबर घातला की जुना नव्याला ओढून खाली नेतो. आणि घरातल्या टॉर्चमध्ये ते सेल जाणार नाहीत यावर लक्ष ठेवा. ते जातात! साधे चार्जिंगचे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरेच उतरतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री भरायचे. थोडे महाग सेल मिळतात, ज्यांवर वापरायला तयार असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते भरून ठेवले तर महिनोन्‌महिने टिकून राहतात. परवडले तर तेच घ्या.

दुसरा फरक खिडकीचा. ए १२०० च्या पाठीवर पडदा तर आहेच, पावणेतीन इंचांच्या आसपासचा, पण त्याच्या वर एक छोटं भोकही आहे, डोळा लावून बघायचं, जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला असायचं तसं. तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. ए ३३०० ला ते भोक नाही. त्याचा पडदा मोठा, तीन इंचांचा, आणि सगळं त्यावरच बघायचं.

दुकानात मोठा पडदा छान दिसतो, कारण दुकानात सावली असते. एप्रिल महिन्यात दुपारी बांधावर उभं राहून पडदा बघा. काही दिसत नाही, स्वतःचा चेहरा दिसतो. मग पदराची सावली करायची, अंदाजाने बटण दाबायचं, आणि घरी येऊन बघायचं तर शेततळ्याचा काठ कापलेला, सरपंचांचं डोकं उडालेलं. भोकाला डोळा लावला की उन्हाचा त्रास नाही. शिवाय पडदा बंद ठेवला तर सेल जास्त टिकतात.

याच्याहून मोठी गोष्ट चाळिशीची आहे. आपल्या गटांत निम्म्या तरी बाया चाळिशीच्या पुढच्या. दूरचं लख्ख दिसतं, पण सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. अशा बाईला हातभर अंतरावरचा पडदा धूसर दिसतो. ती कॅमेरा लांब लांब धरत जाते, हात ताणतो, फोटो हलतो, आणि सगळ्या म्हणतात की मावशींना जमत नाही, कॅमेरा पोरींकडे द्या. मावशींना जमतं. भोकातून दिसणारं चित्र डोळ्याला दूर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे चष्म्याशिवायही ते पुष्कळ स्पष्ट येतं. आणि कॅमेरा कपाळाला टेकलेला असतो, कोपरं अंगाशी असतात, म्हणून हातही कमी हलतो. गटात कॅमेरा कोण चालवणार हे ठरताना वयाने मोठ्या बाया आपोआप बाजूला पडतात, त्याचं अर्धं कारण हे भोक नसणं आहे, असं मला वाटतं.

भोकाच्या दोन खोड्याही सांगते. त्यातून दिसतं त्यापेक्षा फोटोत थोडं जास्त येतं, म्हणजे कडेला उभी असलेली नको ती बादलीही येते. आणि ते भिंगापासून थोडं बाजूला आहे, म्हणून अगदी जवळची वस्तू घेताना चित्र सरकतं. शेळीचा कान, कुरडईची जाळी, बँकेच्या पासबुकाचं पान, हे पडद्यावर बघूनच घ्यायचं. फोकस झाला की नाही तेही भोकातून कळत नाही. त्यासाठी बटण आधी अर्धं दाबायचं, दोनदा बीप-बीप वाजलं की पूर्ण दाबायचं. कान तयार लागतो, इतकंच.

डोळ्याच्या पातळीवरून आठवलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात, जिथे माचनूर गावात २००८ साली बायांचा संघम रेडिओ सुरू झाला, तिथल्या शेतकरी बायांनी कित्येक वर्षं व्हिडिओ कॅमेरा चालवला. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी फोटोच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघत घेतलेलं चित्र म्हणजे पटेल शॉट, कारण जमीनदार असाच बघतो. समोरासमोर, बरोबरीने घेतलेलं म्हणजे संघम शॉट, कारण संघात सगळ्या बरोबरीने बसतात. आपल्या गटाची बैठक काढताना उभं राहून काढू नका, खाली बसा. मग दोन्हींपैकी कुठलाही कॅमेरा असो.

तिसरा फरक, हात हलण्याचा. इथे मात्र ए ३३०० पुढे आहे, आणि त्याच्या नावापुढचं आयएस त्याचंच आहे. उजेड कमी असला की कॅमेरा उजेड गोळा करायला जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. भर उन्हात सेकंदाच्या शेकडोव्या भागात काम होतं, तेच घरात सेकंदाचा पंधरावा भाग लागू शकतो. तेवढ्यात हात जरासा हलला तरी फोटो हलतो. ए ३३०० मध्ये भिंगाचा एक तुकडा हाताच्या उलट दिशेला सरकतो आणि ते हलणं सांभाळून घेतो, डोक्यावरची घागर चालताना मानेने सांभाळावी तसा. ए १२०० मध्ये ही सोय नाही. त्यामुळे बारशाचा पाळणा, ओट्यावरची फराळाची ताटं, देवळातली बैठक, असे फ्लॅश न लावता घेतलेले फोटो ए ३३०० मध्ये जास्त सरळ येतील. पण तो आपला हात सांभाळतो, समोरचं हलणं सांभाळत नाही. शेळीने मान झटकली, बाळाने पाय झाडले, तर ते दोन्ही कॅमेऱ्यांत सारखेच पुसट होतील.

ए १२०० घेणाऱ्यांना हात स्थिर करायचे उपाय भरपूर आहेत. खांबाला टेका, कॅमेरा धान्याच्या पोत्यावर ठेवा, नाहीतर छोटी तिपाई घ्या. मालाचे फोटो काढताना कॅमेरा तिपाईवर ठेवून सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही लागत नाही. पापड पळून जात नाहीत.

फ्लॅशवर फार भिस्त ठेवू नका, कुठल्याच छोट्या कॅमेऱ्याचा तो दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही. पुढच्या रांगेतल्या बाया पांढऱ्याफटक आणि मागच्या काळोखात, असा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. आणि शेळीच्या बिल्ल्यावर समोरून फ्लॅश कधीच मारू नका. प्लास्टिक चमकतं आणि नंबराच्या जागी पांढरा डाग येतो. शेळी सकाळी अंगणात आणा, ऊन तुमच्या पाठीशी ठेवा, एकीने कान धरायचा, दुसरीने फुलाच्या चिन्हावर कॅमेरा लावून थोडं तिरकं उभं राहून नंबर घ्यायचा. मग चार पावलं मागे येऊन अख्खी शेळी, आडवी, बिल्ल्याचा कान कॅमेऱ्याकडे. दोन्ही फोटो मोठे करून नंबर वाचता येतो का बघा, मगच शेळी सोडा. या कामात दोन्ही कॅमेरे सारखे आहेत.

झूमचं पटकन सांगते. एकात चार पट, दुसऱ्यात पाच पट. हा फरक तुम्ही दोन-चार पावलं पुढे गेलात की संपतो. शिवाय या दोन्ही कॅमेऱ्यांत झूम पूर्ण लांब केला की भिंगातून येणारा उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणून झूमपेक्षा पाय वापरा. पेटीवर डिजिटल झूमचे मोठे आकडे असतील, ते विसरून जा, तो नुसता फोटो कापून मोठा करतो. रुंदीला दोन्ही सारखे आहेत, ओट्यावर बसलेल्या बारा जणी दोघांतही मावतात. व्हिडिओ दोघांतही एकाच दर्जाचा, आवाजासाठी दोघांनाही जवळ जावं लागतं.

तर त्या गटाला माझं उत्तर असं. तुमची चारांतली तीन कामं उघड्यावरची, दिवसाउजेडाची, किंवा तिपाईवर ठेवून करायची आहेत. कॅमेरा बारा हातांतून फिरणार आहे. लाईटचा भरवसा नाही. तुम्ही ए १२०० घ्या, वाचलेल्या पैशांत चार चांगले सेल, चार्जर आणि छोटी तिपाई घ्या. दुकानदाराला वाईट वाटेल, वाटू द्या. मात्र बारशा-डोहाळजेवणांची कामं तुम्ही खरोखर मनावर घेणार असाल, महिन्याला तीन-चार ऑर्डरी नक्की असतील, तर गोष्ट वेगळी. घरातल्या उजेडात पैसे घेऊन फोटो काढायचे आणि ते हललेले द्यायचे, हे चालणार नाही. मग ए ३३०० घ्या, पण जास्तीची एक अस्सल बॅटरी त्याच दिवशी, त्याच बिलावर घ्या. पुढच्या वर्षी घेऊ म्हणू नका. एखादी ऑर्डर पक्की होण्याआधीच कमाईच्या आशेवर महागडा घेऊ नये, असं मी म्हणेन, पण ते तुमच्या बैठकीत ठरेल.

दुकानात जाताना कॅमेरा जी वापरणार तिलाच न्या. कुणाच्या तरी भावाला पाठवू नका. बोटं जाड असतात, कामाने राठ झालेली असतात, बटणं बारीक असतात, ते तिच्याच हाताला कळायला हवं. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड न्या. चार जीबीचं पुरतं, त्यावर बारावाल्याचे हजारावर फोटो मावतात. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून तेच तेच फोटो काढा: दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला माल, दारात उभ्या असलेल्या मैत्रिणीचा चेहरा, वर्तमानपत्राचं बारीक अक्षर फुलाच्या चिन्हावर, आणि रस्त्यावर उन्हात येऊन एक. चेहरा सावळा आहे तर फोटोत राखाडी दिसतो का, काठाचा लाल रंग भगवा होतो का, ते बघा. मग स्टुडिओत जाऊन दोघांचे दोन-दोन फोटो सहा बाय चारमध्ये धुऊन घ्या. त्याला लागतील ते थोडेसे रुपये. ते फोटो गटाच्या बैठकीत मधे ठेवा, मागे नाव न लिहिता, आणि कुठला बरा ते सगळ्यांना निवडू द्या. बारा आणि सोळा यातला फरक किती जणींना ओळखता येतो, ते मला कळवा.

बिल गटाच्या नावाचं घ्या, कुणा एकीच्या नावाचं नको. वॉरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला नंबर लिहून घ्या, तोच नंबर गटाच्या वहीत उतरवा. बिलाशिवाय पाचशे रुपये कमी करतो म्हणाला तर नको म्हणा, वॉरंटी बिलावरच चालते. मेनूत हिंदी भाषा आहे का ते दुकानातच विचारून लावून घ्या.

आणि दुकानातून निघायच्या आधी कॅमेऱ्याचं घड्याळ लावून घ्या. आजची तारीख, आत्ताची वेळ. बांधबंदिस्तीचा "आधीचा" आणि "नंतरचा" फोटो कुठला, शेळीचा फोटो विम्याआधीचा की नंतरचा, हे प्रत्येक फोटोच्या पोटात त्या घड्याळाप्रमाणे नोंदलं जातं. सेल काढून कॅमेरा बरेच दिवस पेटीत ठेवला तर घड्याळ विसरतं, मग पुन्हा लावावं लागतं. ज्या बाईकडे त्या महिन्यात कॅमेरा असेल तिने बैठकीच्या दिवशी तारीख बघायची, आणि वहीत कॅमेरा कुणाकडून कुणाकडे गेला त्याच्यापुढे ते लिहायचं.